चौदातले आठ

काज चुकीच्या जागी पडलं, तर बटण कितीही देखणं असो, कॉलर वाकडीच बसते.

*

"मरण कुठलं देऊ? आजीचं आहे, आजोबांचं आहे. काकांचं संपलंय."

*

कलम नऊ. विद्यार्थ्याने नोंदवलेल्या एकूण विषयांपैकी किमान दोन तृतीयांश विषयांत तो उत्तीर्ण झालेला असावा.

*

खिडकी क्रमांक चारसमोर अकरा खुर्च्या आहेत. डावीकडून तिसरीवर बसण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं.

*

"भूगर्भशास्त्र म्हणजे काय गं?"

"जमिनीच्या पोटात काय आहे ते."

"मग झाकलेलं आहे ते बरं आहे की."

*

बँकेतलं पेन सुतळीने बांधून ठेवतात, ते काही उगाच नाही.

*

पिशवी आधी अशी उलटी केली. आता एकेक वस्तू उचलून जागेवर ठेवू.

ज्या मुलीची ही गोष्ट, तिला घरीदारी सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोकदार. आणि रांगायला लागली तेव्हापासून वडिलांच्या कापायच्या टेबलाखाली शिरून टाचण्या वेचायची, म्हणून. वडील शिंपी. खाली दुकान, वर घर, मधे एक लाकडी जिना, ज्याच्यावरून कोण उतरतंय ते आवाजावरून ओळखू यायचं. गिऱ्हाइकं वडिलांना मास्तर म्हणत. टाचणी नऊ वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून मास्तरांची बहीण, म्हणजे आत्या, घरात होती. आत्या काजं करायची, स्वयंपाक करायची आणि दोन्ही करताना मत द्यायची.

शाळा संपली आणि टाचणीला सरकारी अर्थसाहाय्य मंजूर झालं. कॉलेजची सगळी फी, पुस्तकं, जाण्यायेण्याचा पास. मास्तरांनी मंजुरीचं पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि विचारलं, "विषय किती घ्यायचे?"

"कमीत कमी चार. जास्तीत जास्त सात."

"आणि फी?"

"किती का घ्या, सरकारच भरणार."

"मग सात घे."

"बाबा, सात कोणीच घेत नाही."

"कोणी घेत नाही म्हणून तर घे. हे बघ, कापड बेतताना मी शिवणीत दोन बोटं माया सोडतो की नाही? जास्तीचं कापड आत दुमडलेलं असतं, कोणाला दिसत नाही. उद्या माणसाचं अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. ज्याने मोजून कापलं तो फसला. तुला चार लागतात ना? तीन आत दुमडून ठेव. नाही झेपले तर सोडून दे."

यात मूर्खपणा कुठेच नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कॉलेजचा नियमही मास्तरांच्याच बाजूचा होता. सहाव्या आठवड्यापर्यंत कुठलाही विषय सोडता येत असे आणि सोडलेल्या विषयाचं गुणपत्रिकेवर नावनिशाणही उरत नसे. टाचणीने पहिल्या सत्रात सात घेतले. आत्याला झाकलेलंच बरं वाटलेलं भूगर्भशास्त्र, शिवाय खगोलशास्त्र आणि तर्कशास्त्र सोडले. उरलेल्या चारांत पास झाली. दुसऱ्या सत्रात पुन्हा सात घेतले. इतिहास आणि मानसशास्त्र सोडलं. भौतिकशास्त्रात दांडी उडाली. चारांत पास झाली. गुणपत्रिका पाहिली तर आठ विषय पास, एक नापास. मास्तरांनी ती दुकानात आरशाशेजारी लावली. पँटची मापं देताना माणूस समोर बघतो आणि समोर आरसा असतो, त्यामुळे गावभर झालं.

मग उन्हाळ्याच्या सुटीत ते दुसरं पत्र आलं.

*

पत्रात तीनच वाक्यं होती. नोंदवलेले विषय चौदा. उत्तीर्ण विषय आठ. कलम नऊनुसार आपलं अर्थसाहाय्य पुढील सत्रापासून थांबवण्यात येत आहे.

"चौदा कुठून काढले यांनी?" मास्तर म्हणाले. "सोडलेले पण धरले?"

"धरलेले दिसतात."

"जे अंगावर घातलंच नाही त्याची शिलाई लावायची? हा कुठला न्याय?"

आत्या वरून ओरडली, "काय झालं?"

"काही नाही!" दोघंही एकदम म्हणाले, म्हणून ती खाली उतरली.

फीचा आकडा तिघांनाही माहीत होता. दुकान भाडं काढत होतं, जेवण काढत होतं, आत्याच्या गुडघ्याची औषधं काढत होतं. कॉलेजची फी काढणं त्याच्या अंगात नव्हतं. मदत थांबली म्हणजे कॉलेज थांबलं. त्यात मधलं काही नव्हतं. टाचणीला गणित शिकवायचं होतं, मोठ्या मुलांना, फळ्यावर, खडूने. हे तिने आत्याला सांगितलं होतं. मास्तरांना सांगायची गरज नव्हती. खडूच्या बाबतीत ती त्यांच्यावरच गेली होती.

*

खिडकी क्रमांक चारमागे बसणाऱ्या बाईंचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता आणि त्या तो नाकावर चढवायच्या ते फक्त समोरच्याला गप्प करायचं असेल तेव्हा.

"सात?" त्यांनी चष्मा चढवला. "दोन्ही सत्रांत सात? कोणी सांगितलं होतं?"

"फी तेवढीच होती, म्हणून..."

"फुकटचं औषध म्हणून कोणी बाटली संपवतं का? बँकेतलं पेन सुतळीने बांधतात ते याचसाठी."

"सोडलेले विषय मोजतात हे मला माहीत नव्हतं, मॅडम. गुणपत्रिकेवर नाहीत."

"गुणपत्रिका कॉलेजची. पैसे सरकारचे. कॉलेज विचारतं, तुला काय येतं. सरकार विचारतं, जेवढं मागितलंस तेवढं संपवलंस का." मग जरा खालच्या आवाजात, कारण मागे रांग होती, "तुझ्या शेजारच्या बाकावरच्या पोरीने चार घेतले असतील ना? चारच्या चार पास?"

"हो."

"तिचे शंभर टक्के. तू तिच्याएवढेच पास झालीस, वर हौसेने तीन-तीन ओढून आणलेस, तर तुझे सत्तावन्न. नियम वाचायचा असतो, बाळ. मंजुरीच्या पत्रामागे छापलेला असतो."

मंजुरीचं पत्र मास्तरांनी चारदा वाचलं होतं. उलटून कोणी पाहिलं नव्हतं. अस्तर तपासणाऱ्या माणसाच्या घरात हे व्हावं.

बाईंनी एक फॉर्म सरकवला. फेरविचाराचा अर्ज, शुक्रवारी चारच्या आत. एकदाच करता येतो. कारणाच्या रकान्यात चार चौकोन होते: आजारपण, कुटुंबातील मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, इतर. पहिल्या तिन्हींसमोर लिहायला अर्धं पान होतं. 'इतर'समोर तीन ओळी.

"आणि पुरावा जोड," बाई म्हणाल्या. "पुराव्याशिवाय 'इतर' म्हणजे रद्दी. पुढचा!"

*

कॉलेजच्या फाटकाबाहेर एक झेरॉक्सवाला होता. दिवसभर दुसऱ्यांचे कागद हाताळून त्याला निम्मा कायदा पाठ झाला होता. टाचणीने फॉर्मची एक जादा प्रत मागितली तेव्हा त्याने कागदाकडे न बघताच विचारलं, "फेरविचार?"

"हो."

"कारण आहे का, का बनवायचंय?" त्याने यंत्राखालून एक जाड फाइल काढली. "नमुने आहेत. सगळे मंजूर झालेले. मरण कुठलं देऊ? आजीचं आहे, आजोबांचं आहे. काकांचं संपलंय, मागच्या वर्षी फार चाललं, आता कमिटी ओळखते. कावीळ आहे, पण कावीळला डॉक्टर लागतो."

"माझे आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले."

"मग दाखला असेल ना घरात? तारखेवर अंगठा ठेवून प्रत काढतो. माझा अंगठा मोठा आहे." त्याने तो दाखवला. खरंच मोठा होता. "आईवडील आहेत?"

"वडील आहेत."

तो व्यवहारात मवाळपणा आणून म्हणाला, "आईचा दाखला असेल तर मग बघायलाच नको. आईवर कमिटी प्रश्न विचारत नाही. मी तर म्हणतो, देवाने..."

"प्रतीचे किती झाले?"

*

मसुदा एक. माझ्या आजोबांच्या दुःखद निधनामुळे

(फाडला. आजोबांचा चेहराही तिला माहीत नव्हता. दुःखद कसं लिहायचं?)

मसुदा दोन. माझ्या आत्याच्या गुडघ्याच्या तीव्र आजारपणामुळे

(हा आत्याने वाचला. "गुडघ्याने काय होतंय? चांगलं हृदय तरी लिही. नाहीतर सरळ मारून टाक मला. मी काही खिडकीवर येऊन सांगणार नाहीये, की मी जिवंत आहे." "आत्या!" "अगं, वाईट काय त्यात? म्हणतात, असं लिहिलं की आयुष्य वाढतं.")

मसुदा तीन. माझ्या आईच्या

(इथे पेन थांबलं.)

*

दाखला कपाटात, वरच्या खणात, कापडी पिशवीत होता. टाचणी तो काढायला गेली नव्हती. ती नुसती कपाटासमोर उभी होती. पण मास्तर जेवायला वर आले आणि त्यांनी टेबलावरचा कागद पाहिला, कपाटासमोरची मुलगी पाहिली, आणि त्यांना समजायला वेळ लागला नाही. मापं घेणारा माणूस. लांबूनही त्याला अंदाज येतो.

"तिला यात ओढायचं नाही," ते म्हणाले.

"मी ओढलं नाही."

"लिहिलंयस."

"दोन शब्द लिहिले, बाबा. तिसरा आला नाही."

आत्याने ताटं मांडता मांडता मधे तोंड घातलं. "पोरगी तरी काय करणार? खरं लिहायला तिथे चौकोनच नाहीये. 'बापाने हाव केली' असा चौकोन आहे का?"

आत्याच्या बोलण्याला धार असे, पण ती कापायच्या हेतूने बोलत नसे. या वेळी मात्र लागलं. मास्तर जेवले नाहीत असं नाही, जेवले. पण मीठ न मागता जेवले, आणि भाजी अळणी होती.

*

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. टाचणी खाली आली, कापायच्या टेबलावरचा बटणांचा डबा तिने उघडला आणि त्यातून चौदा पांढरी बटणं मोजून ओळीत मांडली.

"हे काय?"

"बघा तर. हे मी घेतलेले विषय. चौदा." तिने आठ बटणं पुढे सरकवली. "हे पास."

"आणि ही सहा?"

"एक नापास, पाच सोडलेले."

"सोडलेले परत डब्यात टाक की. तेच तर म्हणतोय मी."

"डब्यात जात नाहीत, बाबा." तिला खिडकीवरच्या बाईंचं वाक्य सांगायचं होतं, पण त्याने वडील आणखी चिडले असते. तिने टेबलावर नजर फिरवली. एका बाजूला निळ्या कापडाचा तागा होता, दुसरीकडे त्यातून बेतून कापलेली एक बाही. तिने बाही उचलली. "ही परत ताग्याला जोडता येते का?"

"कात्री लागल्यावर कशी जोडणार?"

"समजा गिऱ्हाईक म्हणालं, सदरा नको. ही तुम्ही शिवली नाही, कोणी घातली नाही. पण कापड?"

"कापड गेलं."

"विषय नोंदवला की कात्री लागली. शिवला नाही तरी कापड गेलं. सरकार शिवलेले सदरे मोजत नाही, बाबा. कापलेलं कापड मोजतं. चौदा कापले, आठ शिवले."

मास्तरांनी मागे राहिलेली सहा बटणं बोटाने मोजली. मग म्हणाले, "असं सांगायचं ना मग! ते दोन तृतीयांश, दोन तृतीयांश काय लावलंय केव्हापासून." आणि त्यानंतर, हळू, "म्हणजे माया सोडायची ती कापडात. कापलेल्या तुकड्यांची ती नव्हेच."

"नाही."

"मी तुला तीन जास्तीच्या बाह्या कापायला लावल्या. हात दोनच असताना."

ती हसली. तेही हसले, पण तोंड न उघडता. बोलणं संपताच त्यांनी सवयीने टाचण्या ओठांत धरल्या होत्या.

टाचण्या काढून ते म्हणाले, "पुढे काय मग? समजा दिलं त्यांनी परत. पाच घे. एखादा इकडेतिकडे..." ते स्वतःच थांबले. "नको. मांड."

तिने मांडलं. चार नवीन बटणं घेतली: अठरा. चारही पुढे सरकवली: अठरात बारा. बरोबर तीनात दोन, एकही कमी चालणार नाही, एकही जास्त नाही. मग पाचवं बटण ठेवून दाखवलं. एकोणीस. पाचात एक जरी घसरलं तर एकोणिसात बारा. गेलं. पाचव्या बटणाने आधार काही मिळत नव्हता. फक्त घसरायची जागा वाढत होती.

"चारच," मास्तर म्हणाले. "अंगाबरोबर. श्वास घेता येईल एवढंच."

*

फेरविचाराचा अर्ज. कारण: इतर. ओळी तीन.

फी सरकार भरत असल्याने मी दोन्ही सत्रांत सात विषय घेतले. न झेपणारे सोडले. ते मोजले जातात हे मी वाचलं नव्हतं. कोणी आजारी नव्हतं. पुढच्या सत्रात चार घेईन आणि चारही पास होईन. तसं झालं तर अठरात बारा होतात.

पुरावा: सोबत जोडला आहे.

पुरावा म्हणजे दुकानाच्या पावतीपुस्तकातलं एक पान होतं. वर दुकानाचा छापील मजकूर, खाली 'शर्ट / पँट / इतर' असे रकाने, आणि त्यांच्यावरून आडवं लिहिलेलं मास्तरांचं अक्षर:

साहेबांस नमस्कार. सात विषय घ्यायला मुलीला मी सांगितलं. फुकट आहे तर जास्त घ्यावं, असं मला वाटलं. ती नको म्हणत होती. चूक माझी आहे, तिने फक्त ऐकलं. पुढच्या वेळी मी काही बोलणार नाही. खाली सही, आणि सवयीने घातलेली तारीख: 'देण्याची तारीख, शुक्रवार.'

कार्बनची दुसरी प्रत पुस्तकातच राहिली, जशी प्रत्येक गिऱ्हाइकाची राहते. आत्या म्हणाली, "फाडून टाक ती. कोणी बघितली तर?" मास्तर म्हणाले, "पान फाडलं तर नंबर चुकतात."

*

शुक्रवारी तीन वाजता खिडकी क्रमांक चारच्या बाईंनी अर्ज घेतला, वाचला, चष्मा काढला, परत घातला आणि पावतीचं पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"हा पुरावा?"

"हो."

"कोणी मेलं नाही?"

"नाही."

"कावीळ?"

"नाही, मॅडम."

"या आठवड्यात अठ्ठावीस अर्ज आलेत. सव्वीस जणांची आजी गेली." त्यांनी शिक्का शाईवर दाबला, पण उचलला नाही. "कमिटी काय म्हणेल मला माहीत नाही. 'इतर' सहसा नामंजूर होतं, हे आत्ताच सांगते. मागाहून येऊन रडायचं नाही."

"नाही रडणार."

"अजून तासभर आहे. बदलायचं असेल तर तिसरी खुर्ची सोडून कुठेही बस."

टाचणी खिडकीसमोरच उभी राहिली. त्या तासाभरात काय काय आणता आलं असतं, ते तिने मनात एकदा फिरवून पाहिलं. कपाटाचा वरचा खण फार लांब नव्हता.

"शिक्का मारा," ती म्हणाली.

*

दहा दिवस. त्या दिवसांत मास्तरांनी एका गिऱ्हाइकाची पँट दीड इंच आखूड केली. तीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक ओळखीचं होतं, ते म्हणालं, "मास्तर, पाय वाढलेत का माझे?" मास्तरांनी पायाच्या दुमडीतलं कापड उसवून लांबी परत दिली, आणि आरशाशेजारची गुणपत्रिका काढून खणात ठेवली. टाचणीने विचारलं नाही. आत्याने विचारलं. "भिंत रंगवायची आहे," ते म्हणाले. भिंत रंगवली नाही.

*

अकराव्या दिवशी पत्र आलं. टाचणीने ते आधी उलटून मागची बाजू वाचली, मग पुढची.

अर्ज एका सत्रासाठी मंजूर. अट: नोंदवलेला प्रत्येक विषय उत्तीर्ण. विषय सोडण्याची मुभा नाही. खाली कमिटीचा शेरा, टंकलेला नव्हे, पेनाने: 'विद्यार्थिनीस स्वतःची चूक आकड्यांत मांडता येते. पालकांचे पत्र परत करू नये, दप्तरी ठेवावे.'

आत्याने पत्र हातात घेऊन विचारलं, "म्हणजे दिलं की नाही दिलं?"

"दिलं. एकदाच."

"एकदाच म्हणजे?"

"एक विषय गेला की सगळं गेलं."

"मग काय दिलं?" आत्या म्हणाली. पण तिने डोळे पदराने टिपले, आणि काजांवर डाग पडू नये म्हणून शर्ट बाजूला ठेवून मग टिपले.

मास्तर काही बोलले नाहीत. तसं त्यांनी लिहूनच दिलं होतं.

*

नोंदणीच्या दिवशी संगणकाच्या खोलीत टाचणीने गणित निवडलं, संख्याशास्त्र निवडलं, भाषा निवडली, आणि हात एकदा पँटला पुसून भौतिकशास्त्र निवडलं, ज्यात ती नापास झाली होती. पडद्यावर चौकट आली: आपण आणखी तीन विषय घेऊ शकता. घ्यायचे आहेत का?

शेजारच्या यंत्रावर एक नवीन मुलगा होता, पहिल्या वर्षाचा. तो वाकून म्हणाला, "ताई, जास्तीचे फुकट आहेत का हो?"

"तुझ्या मंजुरीच्या पत्रामागे काय छापलंय?"

"मागे छापलंय?"

"घरी जा, उलटून बघ, मग ये," टाचणी म्हणाली. आणि तिने 'नाही' दाबलं.

*

पहिल्या सत्रात, तर्कशास्त्र सोडायच्या आठ दिवस आधी, त्याच्या चाचणीत तिला वीसपैकी सतरा होते. अर्जात तिने लिहिलं होतं: न झेपणारे सोडले.